अरण्याचा ताळेबंद



आपल्या शाळेच्या या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल संयोजकांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे. व्यासपीठाची मला सवय नाही. माझे सारे आयुष्य रकाने आखण्यात आणि त्यांतील आकड्यांची बेरीज जुळवण्यात गेले. माझे वडील नागपूरला वनखात्याच्या कचेरीत कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली. तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांतील इतर अनेक मराठी कुटुंबांप्रमाणे आम्हीही दप्तराच्या गाठोड्यांमागोमाग या शहरात आलो. पुढे मीही हिशेबाच्याच कामात पडलो आणि निवृत्तीनंतर शाहपुऱ्यात स्थायिक झालो.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या सरांनी मला शाळेत शिकवले नाही; माझ्या मुलांना शिकवले. माझा त्यांचा स्नेह जमला तो शाहपुऱ्याच्या तलावाकाठी. संध्याकाळी आम्ही दोघे फिरावयास जात असू. सरांचा विषय गणित आणि माझा हिशेब, तेव्हा बोलणे फिरून फिरून आकड्यांवर येई. त्या बोलण्यातून उरलेली एक गोष्ट आज आपल्यापुढे ठेवावी, असे मनात आहे. जंगल ठेवावे की तोडावे, ठेवावे तर किती वर्षे, आणि दुसऱ्या कामासाठी द्यावे तर कोणत्या किमतीला, हे निर्णय गेल्या पावणेदोनशे वर्षांत अर्थशास्त्राच्या साह्याने कसे घेतले गेले, हा माझा विषय. तो इतिहासाचा असला तरी त्यात माझाही एक लहानसा, आणि फारसा भूषणावह नसलेला, भाग आहे. तो प्रथम सांगून टाकतो.

१. एक जुना अहवाल

१९७० च्या दशकाच्या अखेरीस एका मध्यम सिंचन प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातील जंगलाचे मूल्यांकन करण्याचे काम माझ्याकडे आले होते. प्रकल्पाचे व कचेरीचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. आम्ही त्या उतारावर मोजणी करीत होतो. टेपचे दुसरे टोक धरण्यास एक गोंड तरुण होता. मोहाचे झाड आले की तो न विचारता त्याचा धनी सांगे. हे थोरल्या काकाचे, हे शेजारच्या घराचे, हे बहिणीला लग्नात दिलेले. झाडे सरकारच्या जमिनीवर होती. परंतु कोणाच्या घरच्यांनी कोणत्या झाडाखालची फुले वेचावयाची, हे पाड्यात पिढ्यान्पिढ्या ठरलेले होते. मी ते ऐकून घेतले आणि वहीत लिहिले : ‘मोह, जळाऊ’. माझ्यापुढच्या छापील तक्त्यात इमारती लाकूड आणि जळाऊ लाकूड असे दोनच रकाने होते. मोहाचे लाकूड इमारती नव्हे. मग ते जळाऊच.

पुढे मी अहवाल लिहिला. सार्वजनिक प्रकल्पांच्या मूल्यांकनात बारा टक्के दर धरण्याचा जो प्रघात होता, त्याच दराने पुढील वर्षांचे उत्पन्न आजच्या रुपयांत आणले. बेरीज दोनदा तपासली. जंगलाच्या किमतीपेक्षा पाण्याची किंमत कितीतरी अधिक भरली. तलाव झाला, कालवा निघाला, खालच्या गावांत गहू पिकू लागला, हे खोटे नाही. वरच्या पाड्यातील माणसे कोठे गेली, हे माझ्या अहवालात विचारलेलेच नव्हते.

ही हकीकत मी अनेक वर्षांनी सरांना सांगितली. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुमचे गणित बरोबर आहे. उदाहरण मात्र चुकीचे मांडले होते.”

आज मी जे सांगणार आहे, ते या एका वाक्याचे भाष्य समजावे.

२. फाउस्टमान यांचे सूत्र

जंगल आणि हिशेब यांची गाठ फार जुनी आहे. सॅक्सनीतील खाणींचा कारभार पाहणारे हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली वनांच्या अर्थव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला. खाणींतील टेकूंना आणि भट्ट्यांना लाकूड लागे आणि जंगले संपत चालली होती. जेवढे वाढते तेवढेच तोडावे, हा विचार त्यांनी मांडला. आपल्याकडच्या भाषेत सांगावयाचे तर मुद्दलाला हात लावू नये, व्याजावर संसार करावा. आज ज्याला आपण शाश्वत विकास म्हणतो, त्या कल्पनेचे एक मूळ या खाणीच्या कचेरीत आहे.

परंतु व्याजावर जगावयाचे तर मुद्दल किती, हे ठाऊक हवे. १८४९ साली मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनाधिकाऱ्याने एका वनविषयक नियतकालिकात या प्रश्नाचे उत्तर दिले. रिकाम्या वनजमिनीची किंमत काय, असा वाद होता. फाउस्टमान म्हणाले, त्या जमिनीवर आज झाडे लावा, वाढवा, तोडा, पुन्हा लावा, आणि असे अनंत काळ चालू राहील असे समजा. त्या साऱ्या भावी तोडींचे उत्पन्न, खर्च वजा जाता, व्याजाच्या दराने उलटे मोजत आजवर आणा. जी बेरीज येईल ती जमिनीची किंमत. ज्या वयात झाडे तोडली असता ही बेरीज सर्वांत मोठी येते, ते तोडीचे योग्य वय.

चक्रवाढ व्याज शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ही रीत समजेल. तिच्यात एक मेख मात्र आहे. दर वाढवला की तोडीचे वय खाली येते. झाड अजून वाढत असते, पण त्याची वाढ बँकेतील पैशाच्या वाढीहून मंद झाली की सूत्र सांगते, आता तोडा.

सरांना ही मेख फार आवडे. ते बहात्तरचा नियम वापरून तोंडी हिशेब करीत. बारा टक्क्यांनी रक्कम सहा वर्षांत दुप्पट होते. साग साठ वर्षांनी तोडावयाचा असेल तर साठ वर्षांत दहा दुपटी, म्हणजे सुमारे हजारपट. तेव्हा साठ वर्षांनंतर मिळणाऱ्या एक लाख रुपयांची आजची किंमत शंभराच्या आसपास. कागदावर नेमकी आकडेमोड केली तर १११ रुपये येतात. तोच दर चार टक्के धरला तर ९,५०६ रुपये. झाड तेच, जमीन तीच, लाखही तोच. बदलला तो फक्त दर. “आणि हा दर झाडाच्या बुंध्यावर कोठेही लिहिलेला नसतो,” असे सर म्हणत.

दर कोण ठरवतो आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न सोपा नाही. केंब्रिजचे तरुण गणिती फ्रँक रॅम्झी यांनी १९२८ सालच्या आपल्या निबंधात भावी पिढ्यांचे सुख केवळ ते भावी आहे म्हणून कमी लेखणे नीतीला धरून नाही, आणि ती आपल्या कल्पनाशक्तीची दुर्बलता आहे, असा अभिप्राय दिला होता. २००६ साली ब्रिटनमध्ये निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलाच्या अर्थकारणावर अहवाल दिला, तेव्हाही विद्वानांचा मोठा वाद झाला तो त्यांनी धरलेल्या सुमारे १.४ टक्के या दरावर. जंगलाच्या बाबतीत तर नातवंडांचे मत याच एका आकड्यात नोंदवले जाते, किंवा पुसले जाते.

३. बोरीचा साग आणि रेल्वेचे स्लीपर

हे जर्मन शास्त्र आपल्या सातपुड्यात कसे आले, ते आता पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढील काही दशकांत लोहमार्ग देशभर पसरत गेले. एका मैलाला सुमारे १,७६० ते २,००० स्लीपर लागत. मुंबईहून खंडवा आणि नर्मदेचे खोरे ओलांडून जबलपूरला जाणारा मार्ग १८७० साली पुरा झाला. सागाचे आणि सालाचे बुंधे ठेकेदारांना दिसू लागले आणि सरकारच्याही ध्यानात आले की, असेच चालले तर लोहमार्ग राहील आणि लाकूड संपेल.

बॉनच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिश ब्रँडिस यांना १८५६ साली ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांवर नेमण्यात आले आणि १८६४ साली ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. पेगूत त्यांनी जंगलातून सरळ रेषेत फिरून साग मोजले आणि घेरानुसार त्यांचे वर्ग पाडले. खालच्या वर्गातील झाडे वरच्या वर्गात यावयास किती वर्षे लागतात, याचा अंदाज घेतला. पहिल्या वर्गात जितकी झाडे दर वर्षी नव्याने दाखल होतील, तितकीच तोडावयाची, असा नियम बसवला. मुद्दल आणि व्याज यांची ही मांडणी कोणत्याही सावकाराला समजावी इतकी स्वच्छ होती.

१८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांतात वनखात्याची घडी बसवण्याचे काम कॅप्टन पिअरसन यांच्याकडे आले. त्याच काळात, १८६५ साली, तेव्हाच्या होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम् जिल्ह्यातील बोरीचे जंगल राखीव झाले. देशातील सर्वांत जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते. सत्तावन्नच्या उठावात पचमढीच्या डोंगरांत लढलेले भभूतसिंह यांच्या जहागिरीचा हा मुलूख सरकारजमा झाला होता. तेव्हा बोरीच्या ताळेबंदातील पहिली नोंदच अशी की, आरंभीची शिल्लक दुसऱ्याच्या घरून आलेली आहे. हे मी निंदेच्या हेतूने सांगत नाही. बोरीचे साग राखले गेले म्हणूनच आज ते सातपुडा व्याघ्रप्रकल्पात उभे आहेत. परंतु हिशेब लिहिणाऱ्याने आरंभीची शिल्लक कोठून आली, ते विसरू नये.

४. वहीबाहेरच्या रकमा

१८७८ च्या वनकायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग केले. मध्य प्रांतात ‘निस्तार’ हा शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. घरासाठी बल्ल्या, चुलीसाठी सरपण, गुरांसाठी चराई, औतासाठी लाकूड, हे गावकऱ्यांनी जंगलातून नेणे म्हणजे निस्तार. सरकारी वहीत निस्तार बहुतेक वेळा ‘सवलत’ म्हणून दिसतो. उत्पन्नातून वजा झालेली रक्कम म्हणून. ज्या घरात ते सरपण जाते त्या घराच्या वहीत तेच उत्पन्न असते; पण त्या घराला वही नसते.

ही उणीव ब्रिटिश अमलातही काहींना दिसली होती. शेतीच्या सुधारणेविषयी अहवाल देण्यासाठी आलेले रसायनशास्त्रज्ञ ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ साली प्रतिपादन केले की, सरपण नसल्याने शेतकरी शेण जाळतो आणि त्यामुळे जमिनीचे खत जाते. म्हणून वनखात्याचे यश महसुलावरून न मोजता शेतीला झालेल्या साह्यावरून मोजावे, आणि सरपण व वैरण यांसाठी राखीव क्षेत्रे करावीत. १८९४ च्या वनधोरणात याचा काही अंश उतरला. व्यवहारात मात्र महसुलाचा रकानाच वरचढ राहिला.

स्वातंत्र्यानंतरचे एक उदाहरण आपल्यांतील अनेकांनी वाचले असेल. पुण्याचे माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात कर्नाटकातील बांबूचा अभ्यास केला. कागद गिरण्यांना सरकार टनाला दीड रुपया या दराने बांबू देत होते. त्याच वेळी बुरुडाला बाजारात तोच बांबू टनाला हजारांच्या हिशेबाने घ्यावा लागत होता. दीड रुपयाचा बांबू जपून तोडण्याचे कारणच गिरणीला उरले नाही. एक बेट संपले की पुढचे. येथे हिशेब नव्हता असे नाही. हिशेब होता, किंमत खोटी होती. खोटी किंमत ही केवळ अन्यायाची बाब नसते; ती जंगल तोडण्याचे फर्मानच असते.

याच्या उलट दिशेचा प्रयत्नही आपल्याच राज्यात झाला. तेंदूपत्त्याच्या व्यापाराचे राष्ट्रीयीकरण मध्य प्रदेशाने १९६४ साली केले. तरी पाने तोडणारा केवळ मजूरच राहिला. पन्नास पानांचा पुडा आणि हजार पुड्यांचा एक मानक बोरा, या मापाने त्याला मजुरी मिळे. नफा ठेकेदार आणि सरकार यांच्यात वाटला जाई. १९८८-८९ पासून संकलन सहकारी समित्यांकडे आले आणि १९९८ पासून निव्वळ नफ्यातील निम्मा वाटा पाने तोडणाऱ्यांना देण्याचे ठरले. पुढे हा वाटा वाढवण्यात आला. व्यवहारातील दोष आपण जाणतोच. तथापि ज्याचे नाव आजवर खर्चाच्या बाजूस होते, ते येथे प्रथमच नफ्याच्या वाटणीत आले, ही गोष्ट लहान नाही.

५. १९७६ : तीन कागद

१९७६ या वर्षी तीन वेगवेगळ्या ठिकाणी जंगलाच्या अर्थकारणावर तीन महत्त्वाचे कागद प्रसिद्ध झाले. ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे पुढचा इतिहास उलगडतो.

पहिला पॉल सॅम्युएलसन या नोबेल पारितोषिक विजेत्या अर्थशास्त्रज्ञाचा निबंध. तोडीच्या वयाविषयी अनेक नामवंतांनी चुकीची सूत्रे दिली असून १८४९ च्या फाउस्टमान यांचेच सूत्र बरोबर आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला.

दुसरा आपल्या राष्ट्रीय कृषी आयोगाचा अहवाल. उत्पादक वनीकरणासाठी स्वतंत्र महामंडळे काढावीत आणि बँकांचे कर्ज जंगलात आणावे, असा त्याचा रोख होता. महाराष्ट्रात १९७४ साली आणि मध्य प्रदेशात १९७५ साली वनविकास महामंडळे स्थापन झालीच होती. कर्ज आले की व्याज आले. व्याज आले की मिश्र जंगलाच्या जागी एकाच जातीचे, मोजता येणारे, तारण ठेवता येणारे झाड आले. साग बँकेला समजतो. चारोळी, आवळा, बेहडा, मोह आणि त्यांखालचे गवत बँकेला समजत नाही. याच काळात बस्तरमधील सालाच्या जंगलात कागदासाठी उष्ण कटिबंधातील पाइन लावण्याची योजना जागतिक बँकेच्या साह्याने आखण्यात आली होती. आदिवासींचा विरोध झाला आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ती सोडून द्यावी लागली. सालाचे झाड बस्तरच्या माणसाला देवाचे आहे, बियांचे आहे, डिंकाचे आहे. ते योजनेच्या तक्त्यात ‘कमी प्रतीचे जंगल’ होते.

तिसरा कागद रिचर्ड हार्टमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा. त्यांनी फाउस्टमान यांचेच सूत्र घेतले आणि त्यात एकच पद मिळवले : झाड उभे असतानाही दर वर्षी काही देत असेल तर? त्यांनी दाखवले की, मग तोडीचे वय पुढे जाते. आणि उभ्या झाडाचे देणे पुरेसे मोठे असेल तर ते झाड कधीही न तोडणे हेच आर्थिक दृष्ट्या योग्य ठरते.

श्रोतेहो, हे वाचले तेव्हा मला तो टेप धरणारा तरुण आठवला. ‘हे बहिणीला लग्नात दिलेले’ असे म्हणताना त्याने मला हार्टमन यांचे पदच सांगितले होते. मोह तोडला की एकदाच जळतो, उभा राहिला की दर वसंतात फुले देतो. ते पद माझ्या तक्त्यात नव्हते, आणि नवा रकाना आखण्याचे धैर्य मला झाले नाही. सूत्र निर्दोष होते. उदाहरण मी अपुरे घातले होते.

पुढे मोठ्या धरणांच्या बाबतीत हेच प्रश्न उघडपणे विचारले गेले. पुण्याचे अर्थशास्त्राचे अभ्यासक विजय परांजपे यांनी नर्मदेवरील धरणांच्या लाभ-व्ययाची चिकित्सा करणारा ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध केला. इंदिरा सागरच्या पाण्याखाली सुमारे ४० हजार हेक्टर जंगल जावयाचे होते. २००४ साली हरसूद गाव उठले, तेव्हा ते चित्र आपण सर्वांनी वृत्तपत्रांतून पाहिले. लाभ आणि व्यय यांच्या रकान्यांत काय धरावे, हा वाद त्या काळी शेवटास गेला नाही. पण तो विचारावयाचा असतो, हे तरी समाजाला कळले.

६. भोपाळचा वाटा

आता आपल्या शहराकडे येतो. शाहपुऱ्याहून फार दूर नाही अशा नेहरू नगरच्या टेकडीवर भारतीय वन प्रबंध संस्थान आहे. त्याची स्थापना १९८२ ची, आणि वास्तू अनंत राजे यांनी रचलेली. जंगलाच्या कारभारात अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र आणावे, हाच या संस्थेचा हेतू. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने पर्यावरणाचा समतोल हे वनांचे मुख्य प्रयोजन ठरवले आणि प्रत्यक्ष आर्थिक लाभ त्याच्या खालच्या पायरीवर ठेवला. मग प्रश्न आला, पाणी, माती, हवा यांचे मोल लावावयाचे कसे?

या संस्थेतील प्राध्यापिका मधु वर्मा यांनी हे काम चिकाटीने केले. २००० साली त्यांनी हिमाचल प्रदेशच्या वनांचे एकूण आर्थिक मूल्य १,०६,६६४ कोटी रुपये काढले. त्यात लाकडाचा वाटा अल्प आणि पाणलोटाचा वाटा फार मोठा होता. २००१ साली त्यांनी आपल्या मोठ्या तलावाचे मोल काढले. पिण्याचे पाणी, मासेमारी, शिंगाड्याची शेती, नौकाविहार हे सारे त्यात धरले. २००२ साली भोज पाणथळ क्षेत्राला रामसर करारान्वये मान्यता मिळाली. पुढे २०१५ साली कान्हा, कॉर्बेट, काझीरंगा, पेरियार, रणथंबोर आणि सुंदरबन या सहा व्याघ्रप्रकल्पांच्या त्यांच्या अभ्यासातून असे दिसले की, एकेका प्रकल्पापासून वर्षाला सुमारे ८३० ते १,७६० कोटी रुपयांचे लाभ समाजाला होतात.

दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे १९९५ पासून गोदावर्मन खटला चालू होता. न्यायालयाने ३० ऑक्टोबर २००२ रोजी आदेश दिला की, जंगल दुसऱ्या कामासाठी घेणाऱ्याने नवी झाडे लावण्याच्या खर्चाखेरीज त्या जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्यही भरावे, हेक्टरी ५.८० लाख ते ९.२० लाख रुपये. हे मूल्य कसे काढावे, ते ठरवण्यासाठी २००५ च्या निकालानंतर कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती बसली. २८ मार्च २००८ च्या आदेशाने वनांचे सहा प्रकार आणि घनतेचे तीन वर्ग करून हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख असे दर ठरले. अभयारण्यासाठी पाचपट, राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट. २०२२ साली ते दर सुमारे दीडपट झाले. फाउस्टमान यांचे १८४९ चे सूत्र दीडशे वर्षांनी अशा रीतीने भारतीय न्यायालयाच्या आदेशात उतरले.

हा मोठाच पल्ला होय. जे फुकट होते, त्याला किंमत आली. परंतु हिशेबनीस म्हणून दोन गोष्टी मला बोलल्या पाहिजेत. पहिली अशी की, दर छापला गेला म्हणजे काहींना तो विक्रीचा भाव वाटू लागतो. पैसे भरले की जंगल घेण्याचा हक्क मिळाला, असा समज होतो. न्यायालयाचा हेतू तो नव्हता. दुसरी अशी की, ही रक्कम २०१६ च्या कायद्यान्वये प्रतिपूरक वनीकरण निधीत जाते; नव्वद टक्के राज्यांना, दहा टक्के केंद्राला. ज्याचे मोहाचे झाड गेले, त्या घराचे नाव या वाटणीत आपोआप येत नाही. एक रकाना आखला गेला, पण त्यासमोर ज्याचे नाव हवे ते अजून नाही.

७. मेंढ्याची वही

ते नाव घालून हिशेब मांडला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या मराठी मुलखातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा, म्हणजे लेखा-मेंढा, हे गोंडांचे लहान गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तेथे १९८० च्या दशकापासून ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेऊ लागली. गावाभोवतीच्या जंगलातील बांबू दीर्घकाळ कागद गिरणीला दिलेला होता. २००६ चा वनहक्क कायदा झाल्यावर २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याला सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत ते होते. तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाने खात्याकडेच राहिले होते. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

आता कोठला बांबू तोडावयाचा, कोठला ठेवावयाचा, मजुरी किती, गावनिधीत किती, हे ग्रामसभा ठरवते. तिच्या वहीत बेट ही शिल्लक आहे आणि कोंब हे व्याज. तिने कोणते सूत्र वापरले, असे कोणी विचारील. ज्यांची मुले त्याच जंगलात वाढावयाची आहेत, ते बारा टक्के दर धरीत नाहीत, एवढेच मी सांगू शकतो. दर ठरवणारा आणि त्याचे फळ भोगणारा एकच असला की दर आपोआप माणुसकीचा होतो. मेंढ्याची रीत सर्वत्र जशीच्या तशी लागू पडेल, असा माझा दावा नाही. पण त्या वहीत धन्याचे नाव आहे, हे मी त्या गावापासून शिकलो.

८. समारोप

जंगलाला पैशात मोजावयाचेच कशाला, असे पुष्कळ सज्जन विचारतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण माझा अनुभव निराळा आहे. न मोजलेले जंगल पवित्र राहिले नाही, ते शून्य समजले गेले. माझ्या अहवालात मोहफुलांसमोर शून्य होते म्हणूनच तो उतार इतक्या सहज पाण्याखाली गेला. मोजले पाहिजे, परंतु मोजण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. रकाने कोणी आखले? दर कोणी ठरवला? आणि ज्याचे जाणार आहे, त्याचे नाव वहीत आहे काय? या तिहींची उत्तरे मिळाल्यावर बेरीज करावयास मुलेही पुरेत.

मधल्या काळात तो जुना अहवाल मी पुन्हा मांडून पाहिला. मोहाची झाडे, चारोळी, गवत, सरपण, जेवढे आठवले तेवढे धरले, आणि दर चार टक्के घेतला. पाण्याची बाजू तरीही थोडी वरचढच आली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मनाजोगे उत्तर आले असे सांगणे अप्रामाणिक ठरेल. पण या खेपेस अंतर इतके कमी होते की, कोणीही जबाबदार माणूस त्या पाड्याशी बोलल्याशिवाय निर्णय घेऊ शकला नसता. भिंत थोडी खाली घेता आली असती, किंवा कालव्याच्या लाभातून पाड्याला कायमचा वाटा देता आला असता. बरोबर मांडलेले उदाहरण नेहमी निराळे उत्तर देते असे नाही. ते माणसाला थांबून विचारावयास लावते.

हा दुसरा हिशेब मी सरांना दाखवला होता. त्यांनी तो ओळ न् ओळ तपासला, एका ठिकाणी हातचा चुकला होता तो दुरुस्त केला आणि म्हणाले, “हे वर्गातल्या मुलांना सांगावयास या.” मी येतो म्हणालो आणि गेलो नाही. संकोच वाटला. सर गेले त्यालाही आता काही वर्षे लोटली. आज त्यांच्याच नावाच्या व्याख्यानमालेत, त्यांनीच घडवलेल्या माजी विद्यार्थ्यांसमोर, ते राहून गेलेले काम मी उशिरा पुरे केले आहे.

आपल्यांपैकी कोणी अभियंता असेल, कोणी बँकेत, कोणी सरकारी सेवेत. एखाद्या दिवशी आपल्यापुढे छापील तक्ता येईल आणि टेपचे दुसरे टोक धरलेला माणूस आपणास काही सांगू लागेल. त्या वेळी समासात का होईना, एक रकाना हाताने आखावा, एवढीच माझी विनंती आहे.